ए४ पेटीतले आरमार : लघुजहाजांच्या घरगुती साठवणीचे परीक्षण

जलरेषेपासून वरचा भाग दाखवणारी, तळहातावर मावणारी धातूची जहाजे जमवणाऱ्याला पहिली काही वर्षे जागेची चिंता नसते. दहा-बारा नौका पुस्तकांच्या कपाटाच्या पुढच्या कडेवर सहज राहतात, येता-जाता नजरेस पडतात आणि आठवड्यातून एकदा मऊ कुंचला फिरवला की काम भागते. संख्या पन्नासच्या पुढे गेली की मात्र त्या कुठे तरी मिटून ठेवाव्याच लागतात. काचेच्या कपाटाला जेवढा खर्च येतो तेवढ्यात संग्रहात चार-पाच चांगल्या नौकांची भर पडू शकते, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांचा हात तिथे आखडतो आणि घरात मिळेल त्या खोक्यावर वेळ मारून नेली जाते. मीही तेच केले आणि त्याची किंमत काही नौकांना मोजावी लागली. येथे मी ज्या साठवणीचे परीक्षण करणार आहे ती या सगळ्या चुकांनंतर हाती लागली. ए४ आकाराचे कागद ठेवण्यासाठी मिळणारी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची चपटी, झाकणाची पेटी, तिच्या तळाशी अंथरलेली चुंबकीय शीट आणि प्रत्येक नौकेच्या पोटाशी चिकटवलेला पातळ पत्र्याचा तुकडा, एवढीच ही रचना आहे. चार वर्षे मी ती वापरतो आहे. माझ्या मते कमी खर्चात याहून चांगली सोय होत नाही, परंतु ती दोष नसलेली नाही, आणि त्यातले काही दोष वेळीच कळले नाहीत तर नौकेवर बेततात.

आधी मापाविषयी लिहितो, कारण या पेटीचे पहिले मोठे गुण तिथेच आहेत. या छंदात दोन प्रमाणे प्रामुख्याने चालतात. ब्रिटिश परंपरेतले १:१२०० हे प्रमाण शंभर फुटांना एक इंच या सोप्या हिशेबातून आले, आणि जर्मनीत रूढ झालेले १:१२५० हे दहा मीटरला आठ मिलिमीटर या हिशेबाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात नौसैनिकांना शत्रूचे जहाज आकृतीवरून ओळखायला शिकवण्यासाठी याच मापांची मॉडेल वापरली गेली, आणि १९५८ पासून इंग्लंडमध्ये ट्राय-अँग या खेळण्यांच्या कंपनीने १:१२०० मध्ये मुलांसाठी जहाजे काढली. माझा संग्रह मुख्यतः १:१२५० चा आहे. त्यात एक सोय अशी की मूळ जहाजाच्या मीटरमधल्या लांबीला ०.८ ने गुणले की मॉडेलची लांबी मिलिमीटरमध्ये मिळते. २६३ मीटरची जपानी युद्धनौका यामातो २१० मिलिमीटर भरते, २५१ मीटरची जर्मन युद्धनौका बिस्मार्क २०१ मिलिमीटर, अणुशक्तीवर चालणारी ३४२ मीटरची विमानवाहू एंटरप्राइझ २७४ मिलिमीटर आणि ३४५ मीटरचे प्रवासी जहाज क्वीन मेरी २ हे २७६ मिलिमीटर. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो आणि त्याची पेटी आतून त्याहून थोडी मोठी असते. माझ्या पेट्या आतून ३१ सेंटिमीटर लांब, साडेबावीस सेंटिमीटर रुंद आणि साडेपाच सेंटिमीटर उंच आहेत. म्हणजे युद्धनौका पेटीच्या रुंदीत आडवी बसते, विमानवाहू नौका आणि प्रवासी जहाजे लांबीच्या दिशेने बसतात, आणि आजवर बांधल्या गेलेल्या बहुतेक सर्व जहाजांची मॉडेल एकाच मापाच्या पेट्यांत मावतात. सीवाइज जायंट हे ४५८ मीटरचे तेलवाहू जहाज मात्र अपवाद आहे. ते ३६६ मिलिमीटरच्या वर भरते आणि तिरके घातले तरी पेटीत बसत नाही.

दाटीचा हिशेबही समाधानकारक आहे. फ्लेचर वर्गाची अमेरिकन विनाशिका सुमारे ११५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद होती, म्हणजे मॉडेल ९२ मिलिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते. पेटीच्या लांबीत अशा तीन नौका एकामागे एक राहतात, आणि दोन नौकांच्या मधल्या रेषांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवले तर दहा रांगा होतात. एका पेटीत तीस विनाशिका बोट घालायला जागा ठेवून बसतात. या वर्गाच्या एकूण १७५ नौका बांधल्या गेल्या; कोणी तो सगळा वर्ग जमवायचे मनावर घेतले तर त्याला सहा पेट्या पुरतील आणि त्या सहा पेट्या एकावर एक ठेवल्या तर गुडघ्याइतकीही उंची होणार नाही. बिस्मार्कच्या आकाराच्या नौका चार-चार सेंटिमीटरवर सात बसतात. उंचीचा प्रश्न मुख्यतः शिडाच्या जहाजांचा येतो. व्हिक्टरी या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेची मुख्य डोलकाठी पाण्यापासून सुमारे ६२ मीटर उंच होती, म्हणजे मॉडेलमध्ये पाच सेंटिमीटर. झाकणाखाली तीन-चार मिलिमीटर जागा उरते, आणि तेवढी मला कमी वाटते, म्हणून शिडाची जहाजे मी एक माप उंच पेटीत वेगळी ठेवली आहेत. १:७०० ची प्लास्टिकची मॉडेल जमवणाऱ्यांना मात्र ही पेटी उपयोगाची नाही. त्या मापात यामातो साडेसदतीस सेंटिमीटरची होते आणि विनाशिकाही सोळा सेंटिमीटरच्या पुढे जाते.

परंतु माप जुळणारी खोकी पुष्कळ असतात. ही पेटी निवडण्याचे खरे कारण ती कशाची बनली आहे हे आहे, आणि ते सांगण्यासाठी मला माझ्या आधीच्या लाकडी खणांकडे जावे लागेल. तीन उथळ खणांचे ते लाकडी कपाट दिसायला सुरेख होते. आत मऊ कापड अंथरून मी त्यात जुन्या, शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या नौका ओळीने मांडल्या आणि खण घट्ट बसतात म्हणून धुळीपासून सुटका झाली या आनंदात होतो. दीड-दोन वर्षांनी एक खण बऱ्याच महिन्यांनी उघडला तेव्हा एका क्रूझरच्या तोफांचे बुरूज मला पांढुरके दिसले. प्रथम वाटले धूळ आहे. भिंग लावून पाहिले तर रंगाखालून बारीक दाणेदार भुकटी फुटून वर आली होती, तोफांच्या नळ्या सुजल्यासारख्या जाड झाल्या होत्या आणि त्यातली एक टोकाशी स्पर्श होताच गळून पडली. शेजारच्या आठ नौकांपैकी पाचांवर तेच लक्षण कमी-अधिक प्रमाणात होते.

ही भुकटी म्हणजे शिशाचे कार्बोनेट. रंगारी पूर्वी पांढऱ्या रंगासाठी जो सफेदा वापरत तो जुन्या काळी शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवून मुद्दाम तयार करत असत. माझ्या खणात तेच काम आपोआप चालले होते. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आणि प्लायवूड, चिपबोर्ड, एमडीएफ अशा लाकडाच्या दाबून केलेल्या फळ्यांतून असेटिक (म्हणजे व्हिनेगरमधल्या) आणि फॉर्मिक आम्लाची वाफ अत्यंत कमी प्रमाणात पण सतत निघत असते. हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने ही वाफ शिशाचे आधी असेटेट आणि मग कार्बोनेट करते, आणि दुसऱ्या पायरीवर आम्ल पुन्हा मोकळे होऊन पुढच्या शिशावर चालून जाते. म्हणूनच एकदा सुरू झालेली झीज थोड्याशा वाफेवरही चालू राहते. खण जितका घट्ट, तितकी वाफ आत कोंडून राहते. माझ्या खणाचा ज्या गुणावर मी खूश होतो तोच गुण नौकांच्या मुळावर आला. ज्यांच्याकडे अशी भुकटी आढळेल त्यांना एक कळकळीची विनंती आहे की ती फुंकरीने उडवू नये. ती विषारी आहे. हातमोजे घालून ओल्या कापडाने टिपावी, ते कापड टाकून द्यावे आणि हात साबणाने धुवावेत. लहान मुले असलेल्या घरात तर हे काम डोळ्यांत तेल घालून करावे.

या अनुभवानंतर कोणतीही वस्तू नौकेशेजारी ठेवण्याआधी मी तिची चाचणी घेऊ लागलो. ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये संग्रहालयांच्या कपाटांतील साहित्यासाठी एक पद्धत मांडली, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या पद्धतीत चांदी, तांबे आणि शिसे यांचे घासून चकचकीत केलेले तुकडे चाचणीच्या वस्तूबरोबर, थोडे पाणी घालून, बंद भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि कोणत्या धातूवर काय उमटते ते पाहतात. घरी ती काटेकोरपणे करता येत नाही, पण तिची साधी आवृत्ती करता येते. मी झाकणाच्या सहा काचेच्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीत गळाला लावायच्या शिशाचा एक तुकडा पॉलिश पेपरने घासून दोऱ्याने टांगला, तळाशी ओल्या कापसाची छोटी वाटी ठेवली, आणि एकीत एमडीएफचा तुकडा, एकीत पुठ्ठा, एकीत हस्तकलेसाठी मिळणारी रंगीत फोमची शीट, एकीत पॉलिप्रॉपिलीनच्या पेटीचा कापलेला कोपरा आणि एकीत पांढरा पॉलिथिलीन फोम ठेवला. सहावी बरणी तुलनेसाठी रिकामी राहिली. बरण्या घरातल्या सर्वांत उबदार जागी महिनाभर राहिल्या. एमडीएफच्या बरणीतले शिसे पांढऱ्या ठिपक्यांनी भरले, पुठ्ठ्याच्या आणि रंगीत फोमच्या बरणीत ते पांढुरके आणि मळकट झाले, आणि उरलेल्या दोन वस्तूंजवळचे शिसे रिकाम्या बरणीतल्या शिशाइतकेच करडे राहिले. रंगीत फोमचा निकाल पाहून मला आश्चर्य वाटले नाही, कारण तो बहुधा ईव्हीए या प्लास्टिकचा असतो आणि ईव्हीए जुना होताना असेटिक आम्ल सोडतो. सुरीने सहज कापला जातो म्हणून खाचा करण्यासाठी अनेक जण तोच वापरतात. शिशाच्या नौकांसाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटी विकत घेताना तिच्या तळाशी असलेल्या त्रिकोणातला आकडा पाहावा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ किंवा ४ म्हणजे पॉलिथिलीन. हे तिन्ही चालतात. ३ म्हणजे पीव्हीसी, आणि ते टाळावे. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेली तेलकट द्रव्ये हळूहळू बाहेर येतात आणि रंगात शिरतात. मी एकदा दोन पाणबुड्या मऊ पारदर्शक पाकिटात घालून ठेवल्या होत्या, त्या सहा महिन्यांनी बाहेर काढताना पाकिटाला चिकटून आल्या आणि एकीच्या पाठीवरचा करडा रंग पाकिटाच्या आतल्या बाजूला पट्ट्यासारखा राहिला. आकडा नसेल तर ती वस्तू मी घेत नाही; शिशाच्या नौकेच्या बाबतीत अंदाजावर काम करण्याची माझी आता तयारी नाही.

आता तळाची रचना. नौका पेटीत नुसत्या ठेवल्या तर पेटी उचलताना त्या एकमेकींवर घसरतात, आणि या मापात डोलकाठी शिवणाच्या सुईहून बारीक असते. त्यांना जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी चुंबक हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे, परंतु या नौका शिशाच्या किंवा जस्ताच्या मिश्रधातूच्या असल्याने चुंबकाला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्या पोटाशी काही तरी लावावेच लागते. चुंबक नौकेला आणि पत्रा तळाला लावावा की उलट करावे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. बहुतेक जण चुंबकीय शीट नौकेखाली लावतात कारण ती कात्रीने कापता येते. मीही प्रथम तसेच केले, पण नौका टेबलावर मांडल्यावर काही तरी खटकत राहिले. शीट ०.८ मिलिमीटर जाड असते, आणि १:१२५० मध्ये ते पूर्ण एक मीटर होते. मुळातच पाण्यालगत धावणाऱ्या विनाशिकेचा डेक एक मीटरने वर उचलला गेला तर तिचा सगळा डौल जातो आणि ती मालवाहू बोटीसारखी दिसू लागते. डब्याचा पातळ पत्रा ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो कडेपासून एक मिलिमीटर आत घेऊन काळा रंगवला तर दिसतही नाही. म्हणून शीट पेटीच्या तळाला आणि पत्रा नौकेला, हा क्रम मी कायम केला. दोन्हीकडे चुंबकीय शीट लावण्याचाही प्रयोग केला होता. या शीटवर उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे एकाआड एक असतात, त्यामुळे दोन शिटा समोरासमोर आल्या की नौका आपण ठेवतो तिथे न बसता टुकटुक करत पुढच्या पट्ट्यावर सरकते आणि शेजारणीला धडकते. तो प्रयोग लगेच सोडला.

शीट घेताना तिची एक बाजू पांढरी, गुळगुळीत आणि दुसरी तपकिरी, मळकट दिसते. पांढरी बाजू बहुधा पीव्हीसीचा थर असते आणि पकडही त्या बाजूने कमी असते, म्हणून मी दोन्ही बाजूंनी तपकिरी असलेली शीट घेतो आणि जास्त पकड असलेली बाजू वर ठेवतो. फेराइट या चुंबकीय पदार्थाची भुकटी कोणत्या रबरात कालवली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, तेव्हा तिच्यावर पॉलिएस्टरची अगदी पातळ पारदर्शक फिल्म अंथरणे मला आवश्यक वाटते. ही फिल्म पॉलिएस्टरचीच हवी. जुन्या काळची सेल्युलोज असेटेटची पारदर्शक फिल्म हाती असेल तर ती चुकूनही वापरू नये, कारण ती कुजताना स्वतःच असेटिक आम्ल सोडते. जुन्या सिनेमाच्या रिळांच्या डब्यांना व्हिनेगरचा वास येतो तो त्यामुळेच. अंतर वाढले की चुंबकाची पकड झपाट्याने कमी होते, त्यामुळे फिल्म जितकी पातळ तितके बरे.

पत्र्याच्या तुकड्याच्या लांबीत माझी मोठी चूक झाली होती आणि ती कोणी पुन्हा करू नये म्हणून सविस्तर लिहितो. पकड भक्कम असावी या हेतूने मी एका युद्धनौकेच्या पोटाला नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत अखंड पट्टी लावली. ती नौका पेटीत इतकी घट्ट बसली की काढण्यासाठी मला ती मधल्या बांधकामाला धरून ओढावी लागली, आणि पुढच्या मनोऱ्यावरचा अंतरमापक माझ्या दोन बोटांत राहिला. विनाशिकेला मध्यभागी दहा-बारा मिलिमीटरचा एक तुकडा पुरतो. युद्धनौकेला पुढे-मागे एकेक, प्रत्येकी वीस मिलिमीटरचा, एवढेच पुरे होते. पेटी हलक्या हाताने ४५ अंशांत तिरकी केल्यावर नौका सरकली नाही की पकड योग्य आहे असे मी समजतो. काढतानाही वर ओढायचे नाही. नाळेच्या बाजूने नख घालून नौका किंचित तिरकी केली की चुंबक एका टोकाकडून सुटत जातो आणि ती अलगद हातात येते. पत्रा चिकटवण्यासाठी पांढरा गोंद किंवा व्हिनेगरचा वास येणारे सिलिकोन वापरू नये, कारण दोन्हींतून तेच आम्ल येते. ॲक्रिलिक चिकटद्रव्याची पातळ दुतर्फी टेप मला सर्वांत निर्धोक वाटली, आणि ती पुढे काढताही येते. पत्र्याच्या कापलेल्या कडा गंजतात, म्हणून लावण्याआधी त्यांवर वॉर्निशचा हात फिरवावा.

ज्या नौकांच्या पोटावर कारखान्याचे नाव, क्रमांक किंवा जहाजाचे नाव ओतकामातच उमटवलेले असते, त्यांना मी काहीही चिकटवत नाही. जुन्या मॉडेलची ओळख त्या दोन ओळींवरच पटते आणि ती झाकणे मला अपराध वाटतो. त्यांच्यासाठी मी दोन पेट्या वेगळ्या केल्या आणि त्यांत पांढऱ्या पॉलिथिलीन फोमचा जाड थर घालून प्रत्येक नौकेच्या आकाराची खाच कापली. हे काम वेळखाऊ आहे. नौका कागदावर ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची, ती मिलिमीटरभर मोठी करून फोमवर उतरवायची आणि नवे पाते लावलेल्या कटरने उभे काप द्यायचे. पाते बोथट असेल तर फोम कापला न जाता फाटतो. खाचेची खोली डेकच्या खालीच थांबावी, नाहीतर कठडे आणि क्रेन फोमला घासतात. एका पेटीला मला दोन सुट्ट्या लागल्या, पण हा दर्जा चुंबकाच्या पेटीपेक्षाही वरचा आहे. फोमच्या नावाने पिवळसर स्पंज मात्र घेऊ नये. तो पॉलियुरेथेनचा असतो, काही वर्षांत चिकट होतो आणि मग त्याचा भुगा नौकेच्या प्रत्येक फटीत जातो.

बाकीच्या घरगुती उपायांविषयी थोडक्यात सांगता येईल. बुटांच्या खोक्यात कापूस अंथरणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण कापसाचे तंतू डोलकाठ्यांत आणि कठड्यांत अडकतात आणि सोडवताना हमखास काही तरी मोडते, शिवाय पुठ्ठ्याचे आम्ल असतेच. थर्माकोल रासायनिक दृष्ट्या फारसा वाईट नाही, पण कापताना त्याच्या उडणाऱ्या बारीक गोळ्या स्थिर विद्युतभारामुळे नौकेला चिकटतात. स्क्रू आणि गळ ठेवायच्या कप्प्यांच्या डब्या पाणबुड्यांसाठी छान आहेत. सातव्या प्रकारच्या जर्मन पाणबुडीचे मॉडेल साडेपाच सेंटिमीटरच्या आतच असते आणि तिला एक कप्पा नेमका होतो.

आता पेटीचे दोष. पहिला दोष तिचा तळ आहे. तो पातळ असल्याने सात धातूच्या युद्धनौका आत असताना मधून उचलली तर खाली झोक घेतो, शीट वाकते आणि नौका सुटतात. त्यावर मी फलकांसाठी मिळणारी खोबणीदार पॉलिप्रॉपिलीनची शीट तळाच्या मापाने कापून चुंबकाखाली घातली आणि झोक थांबला. हार्डबोर्ड घातला असता तर लाकूड पुन्हा मागच्या दाराने आत आले असते. दुसरा दोष खटक्यांचा. झाकणाचे दोन खटके काही महिन्यांत ढिले पडतात आणि पेटी एका हाताने उचलली तर उघडतात. माझ्या एका पेटीची बिजागरी तिसऱ्या वर्षी घडीवर तडकली. नेताना प्रत्येक पेटीभोवती कापडी पट्टा बांधणे आणि नेहमी दोन्ही हातांनी, आडवीच उचलणे, याला मला तरी पर्याय सापडलेला नाही. पेट्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवण्याचा मोह होतो, कारण दिसायला ते सुटसुटीत असते. मी जड युद्धनौकांची पेटी एका रात्री उभी ठेवून पाहिली आणि सकाळी सातपैकी दोन नौका खालच्या कडेला येऊन टेकल्या होत्या. विनाशिका तशा राहतात, युद्धनौका राहत नाहीत. आडव्या पेट्यांचीही सहाहून जास्त चवड मी करत नाही.

तिसरा दोष अर्धपारदर्शकपणाचा. आतली नौका बाहेरून धूसर दिसते, ओळखू येत नाही, आणि दरवेळी झाकण उघडून शोधणे म्हणजे तेवढ्या वेळा हाताळणी. मी प्रत्येक पेटीचे वरून छायाचित्र काढून त्यावर नौकांची नावे लिहिली आणि ते झाकणावर बाहेरून लावले. कागद आत ठेवत नाही. प्रकाश मात्र आत शिरतो आणि लाल रंगाच्या धुराड्यांना तो मानवत नाही, म्हणून पेट्या बंद कपाटात आहेत. ते कपाट लोखंडी आहे, हे वेगळे सांगायला नको.

हवेचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. पेटी कितीही निर्दोष असली तरी नौकेवरचा ताजा तैलरंग सुकताना स्वतः आम्लाची वाफ सोडतो, त्यामुळे रंगवलेली नौका मी पेटीत घालण्यापूर्वी किमान दोन महिने उघड्यावर सुकू देतो. पेटीच्या दोन अरुंद बाजूंना समोरासमोर पाच मिलिमीटरची दोन-दोन छिद्रे पाडून त्यांवर बारीक जाळी चिकटवली आहे, म्हणजे आत जमेल ते बाहेर जाते आणि धूळ अडते. हवा दमट असते त्या महिन्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी पेटीत न ठेवता कपाटात ठेवतो आणि तिचे दाणे रंग बदलू लागले की ती तापवून पुन्हा वापरतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या नौकांना कोरड्या हवेची जास्त गरज आहे. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून कणाकणांच्या सीमांवर झिजतो, फुगतो आणि तडकतो. ते थांबवणे कोणत्याही पेटीच्या हातात नाही, पण ओलावा कमी असला तर ते सावकाश होते.

प्रत्येक पेटीच्या एका कोपऱ्यात मी गळाच्या शिशाचा एक मणी, अर्धा घासून चकचकीत केलेला, फिल्मवर टेपने लावून ठेवला आहे. दर तीन महिन्यांनी पेटी उघडली की नौकांच्या आधी मी भिंगाखाली तो मणी पाहतो, कारण त्यावर रंग नसल्याने आत काही बिघडले तर पहिली खूण त्याच्यावरच उमटेल. अकरा पेट्यांतले अकरा मणी चार वर्षांत करडे झाले आहेत, आणि त्यांपैकी एकावरही अजून पांढरा ठिपका आलेला नाही.